खारलिंबांचं कार्ड

चिंचवड, २ डिसेंबर १९५६

सौ. मंजुळाबाईस रंगरावाचे आशीर्वाद. हे पत्र मोठ्यानं वाचणारे आमचे मेहुणे दौलतराव यांस रामराम.

दौलतराव, आधी तुमच्यासाठी सूचना. जिथं मी एक फुली मारली आहे तिथं थांबा आणि आक्काचा चेहरा बघा. जिथं दोन फुल्या आहेत तिथलं मोठ्यानं वाचू नका, तिच्या कानाशी जाऊन सांगा. तुमच्या ओट्यावर पत्र ऐकायला निम्मं चाकण बसतं हे मला माहीत आहे.

मंजुळा, तू गेल्यापासून घर नीट चाललं आहे. हे ऐकून तुला बरं वाटणार नाही, पण कार्डांमुळं खरोखरच नीट चाललं आहे. सकाळी उठलो की उशाजवळच्या गठ्ठ्यातलं वरचं कार्ड वाचतो. 'तोंड धुणे.' झालं की ते तळाशी घालतो. मग 'तुळशीला पाणी'. मग 'चूल पेटवणे'. माणसानं काही लक्षात ठेवायलाच नको, मन कसं मोकळं राहतं. त्या मोकळ्या मनात मग शाळेतल्या कविता येऊन बसतात, तारेवर चिमण्या बसाव्या तशा. काल एकच घोटाळा झाला. 'दूध तापवणे' आणि 'दूध उतरवणे' ही दोन कार्डं खळीनं चिकटली होती. मी दुसरं शोधत बसलो, तोवर दूध आपलं आपण उतरलं.

ओट्यावरची मंडळी विचारतील, कार्डं कसली? तर त्यांना सांगा. मी खडकीच्या कारखान्याच्या स्टोअरात उमेदीची सगळी वर्षं काढली. तिथं मालाचे लाकडी कप्पे, आणि प्रत्येक कप्प्याच्या गळ्यात सुतळीनं बांधलेलं एक कार्ड. त्यावर तीन रकाने: आवक, जावक, शिल्लक. खिळा आला तर लिहा, खिळा गेला तर लिहा. साहेब मध्यरात्री आला तरी कार्ड वाचून सांगेल, ह्या कप्प्यात काय आहे. मी रिटायर झालो तेव्हा दोस्तांनी शाल दिली, नारळ दिला आणि कोऱ्या कार्डांचं एक अख्खं बंडल दिलं. नारळ फोडला, शाल तू गोधडीला लावलीस. कार्डांचं मी काय करणार होतो? सगळं आयुष्य ज्याच्या सावलीत गेलं ते झाड घरी लावलं, एवढाच माझा गुन्हा.

दर डब्याला कार्ड बांधलं, दर कामाला कार्ड केलं. स्वयंपाकघराच्या दारावर तर स्वतः रचलेल्या दोन ओळी लावल्या:

डबा उघडिता झाकण स्मरा;
नेले किती ते कार्डी भरा.

यात वाईट काय होतं?

(फुली.)

बरं. अंबूबाईचं जे झालं ते झालं नसतं तर बरं होतं. शेजारीण वाटीभर डाळीचं पीठ मागायला आली. मी म्हणालो, "न्या की, इथं फक्त अंगठा उठवा." आणि शाईची गादी पुढं केली. मला वाटलं, बाई हसेल. ती वाटी तिथंच पालथी घालून म्हणाली, "रंगराव, अंगठा द्यायला मी काय सावकाराच्या दारात आलीया व्हय?" आणि गेली. मग तू ट्रंक काढलीस. जाताना जे बोललीस ते मी इथं लिहीत नाही, कारण ते ओट्यावरच्या मंडळींनी तुझ्या तोंडून ऐकलंच असणार.

रुसवा पुरे झाला. आपली लेक शेवंता पहिल्या बाळंतपणाला येणार, पाळणा माळ्यावर आहे, आणि मला त्याच्या कामासाठी तुझा सल्ला हवा आहे.

दौलतराव, एक काम तुमच्याकडे. मी हल्ली दर कवितेचं एक कार्ड करतो आहे. चाकणच्या शाळेत, किल्ल्याच्या पडक्या तटाच्या सावलीत आपण सगळे एका सुरात ओरडायचो ती 'मोट' आठवते? तुम्ही माझ्या मागच्या इयत्तेत होता. मला दोनच ओळी येतात:

मोट बोलते कुरकुर कुरकुर,
पाट धावतो झुळझुळ दूर;

पुढच्या दोन कुठं गेल्या? कार्ड अर्धंच राहिलं आहे. अर्धं कार्ड बघवत नाही मला.

(दोन फुल्या.) मंजुळा, भाकरी मला गोल जमत नाही. बाकी काही नाही.

तुझा, कारण दुसऱ्या कुणाचा असल्याची नोंद नाही,
रंगराव


चिंचवड, ९ डिसेंबर १९५६

सौ. मंजुळाबाईस आशीर्वाद. दौलतरावांना रामराम आणि थोडा राग.

दौलतराव, तुमचं पोस्टकार्ड पोहोचलं. मी कवितेच्या पुढच्या ओळी मागितल्या होत्या, तुम्ही लिहून पाठवलंत, "मास्तर घोरती घुरघुर घुरघुर, पोरं पळाली भुरभुर दूर." ही कविता नव्हे, हा मागच्या बाकावरचा दंगा. याच्यासाठीच तुम्ही हातावर छड्या खाल्ल्या होत्या हे तुमच्या नातवंडांना सांगायला येईन एकदा.

आणि कार्डाच्या खाली आडव्या अक्षरांत तुम्ही लिहिलंत ते वाचून मी तसाच उंबऱ्यावर बसलो. "आक्का म्हनते, शेवंताचं बाळंतपण हिकडं चाकणातच व्हईल. तिला तसं कळीवलंय. खारलिंबांची बरणी तेवढी येष्टीनं धाडा."

मंजुळा, असं कसं? पहिलं बाळंतपण आईच्या घरी, आणि आईचं घर हे. पाळणा इथं. तो टांगायची तुळई इथं. ज्या कडीला शेवंता झुलली ती कडी इथं. मी पण इथंच आहे, पण ते सोडून देऊ.

पाळण्याचं काम मी हाती घेतलं आहे. सात कार्डं केली आहेत. 'माळ्यावरून काढणे', 'धूळ झाडणे', 'ढेकूण बघणे' ही झाली. 'कुरकुर थांबवणे' हे कार्ड अडलं आहे. कडीत कडी घासते आणि असा आवाज निघतो की बाळ झोपायचं सोडून उठून बसेल. मीरासाहेबांना बोलावलं. ते मुंबई रस्त्यावरच्या मोटारी नीट करतात, म्हटलं पाळणा काय चीज आहे. त्यांनी एक झोका दिला आणि कानावर हात ठेवले.

"रंगराव, ह्यो पाळना हाय का मोट?"

मला इतका आनंद झाला! म्हणालो, "मीरासाहेब, तुम्हालाही येते ती कविता? पुढच्या ओळी म्हणा!"

"कसली कविता? म्या बैलांचं बोलतोय." असं म्हणून त्यांनी ग्रीस लावलं. घरात मोटारीचा वास सुटला, कुरकुर तशीच.

आता बरणीचं. ओट्यावरच्या मंडळींना सांगायला हवं: ही आमच्या घरची खारातली लिंबं. शेवंता पाळण्यात होती तेव्हा मंजुळानं घातली. लिंबं आणि मीठ, बाकी काही नाही. अशी लिंबं मुरून मुरून गुळासारखी काळी होतात आणि बाळंतिणीच्या, तापकऱ्याच्या तोंडाला त्यांच्यासारखी चव दुसरी कशानं येत नाही. शेवंताच्या बाळंतपणासाठी म्हणून मंजुळानं ती जपली.

तर मंजुळा, बरणी एसटीनं पाठवणं मला योग्य वाटत नाही. मोशीच्या पुढं रस्ता कसा आहे तू जाणतेस. चिनी मातीची बरणी, एखादा खड्डा, आणि संपलं. शिवाय कंडक्टर म्हणेल सामानाला तिकीट काढा. शिवाय थंडीत खार हलवू नये असं मी कुठंसं वाचलं आहे. बरणी जागच्या जागी आहे. रोज फडक्यानं पुसतो. चांगली चकचकीत दिसते.

तूच ये. बरणी तुझी वाट बघते आहे.

(दोन फुल्या.) मी पण.

रंगराव


चिंचवड, १५ डिसेंबर १९५६

सौ. मंजुळाबाईस आशीर्वाद.

दौलतराव परवा कांद्याची गाडी पुण्याच्या बाजारात घालून परत जाताना इथं उतरले होते, हे त्यांनी तुला सांगितलंच असेल. मी त्यांना चहा केला. चहाचं कार्ड शोधत होतो, तेवढ्यात ते सरळ फडताळाकडे गेले आणि बरणीचं झाकण उघडून आत डोकावले. मग मान वर करून म्हणाले,

"दाजी, ह्यात तर वास तेवढा शिल्लक हाय."

मी कपबशी पुसत राहिलो. ते म्हणाले, "आक्काला मी सांगनार न्हाई. तुमीच लिवा. वाचायला मीच हाय."

म्हणजे दौलतराव, आता तुमची पाळी. इथं फुली नाही. एका दमात वाचा.

मंजुळा, बरणी रिकामी आहे.

तू शेवंताच्या डोहाळजेवणाला वाठारला गेलीस तेव्हा मी घरातल्या सगळ्या मालाची मोजणी केली. प्रत्येक वस्तूवर ती कधी आली ते लिहिलं. तिखट शिमग्यातलं, हळद गेल्या दिवाळीतली, आणि खारलिंबं शेवंताच्या जन्मातली. आमच्या स्टोअरचा पहिला कायदा होता, आधी आलेला माल आधी बाहेर. रबर असो, रंग असो, जुनं मागं राहिलं की कुजतं, मग साहेब ओरडतो. नवीन पोरांना मी हा कायदा तोंडपाठ म्हणून घ्यायचो, पाढ्यासारखा. आणि माझ्याच घरात इतका जुना माल मागच्या फळीवर दडून बसलेला! मला लाज वाटली. मी बरणी पुढच्या फळीवर आणली आणि जो येईल त्याला आधी लिंबू देऊ लागलो.

कार्ड माझ्यासमोर आहे. वाचून दाखवतो. मीरासाहेबांच्या खैरुन्निसाबीबींना ताप होता, त्यांना. भैरूला, तो नवा भाडेकरू, जो पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात पाळीला जातो. त्याच्या डब्यात रोज एक, आणि तो ती कँटीनमध्ये वाटायचा, कारण तिथं म्हणे साऱ्यांना गावची आठवण येते. पोस्टमनला. कीर्तनकारबुवांना, त्यांचा घसा बसला होता. रंगराव, दोन. हा आकडा खोटा आहे, चार.

सगळ्यांनी तोंडभरून नाव काढलं, "काय लिंबू आहे हो!" मी ऐटीत म्हणायचो, "जुना माल." जुनेपण हीच त्याची किंमत आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुझ्या फडताळाचा कायदा माझ्या स्टोअरच्या उलटा होता, आणि मी तुला विचारलं नाही. तू वाठारहून आलीस तेव्हा मी बरणी गुपचूप मागच्या फळीवर ठेवून दिली. पुढं पिठाचं भांडण झालं, तू गेलीस, आणि खरं सांगू, त्या भांडणानं मला थोडं हायसंच वाटलं. म्हटलं, पिठावरून रागावली आहे ना, मग लिंबांवरून इतक्यात रागावत नाही.

आता तू म्हणशील तिथं बाळंतपण होऊ दे. शेवंताला मी काय सांगू ते मात्र सुचव. माझ्याकडं त्याचं कार्ड नाही.

रंगराव


चिंचवड, २३ डिसेंबर १९५६

सौ. मंजुळास आशीर्वाद.

हे पत्र भैरूच्या हाती देतो आहे, पोस्टानं नाही. त्याच्या मांडीवर काय आहे ते तू पाहिलंच असशील. पण झाकण उघडू नकोस, आधी पत्र ऐक.

दौलतरावांचं कार्ड आलं. मी ते इतक्या वेळा वाचलं की कोपरे मऊ झाले. "आक्कानं पत्र ऐकलं. वटा रिकामा झाला तरी बसून ऱ्हायली. मग जात्यावर गेली. दळता दळता म्हनली, दाजींना एवढंच लिव." आणि खाली दोन ओळी:

वाफा वाफा पिई पोटभर,
तरी विहीर ती नित भरपूर.

मंजुळा! माझ्या 'मोटे'च्या पुढच्या ओळी! दौलतरावांनी पुढं लिहिलं होतं, "मला ठावं नव्हतं दाजी. ती मला भाकरी घेऊन शाळंत यायची तवा खिडकीखाली हुबी ऱ्हायची म्हनं. सगळ्या कविता येत्यात तिला."

इतकी वर्षं मी तुला कविता म्हणून दाखवतो आणि तू चुलीशी मान खाली घालून हसतेस. मला वाटायचं, हिला काय कळतंय. तू माझ्या चुका ऐकून हसत होतीस होय?

मी त्या ओळी कार्डावर लिहिल्या. कार्ड पुरं झालं. पण गठ्ठ्यात ठेववेना. तू शिव्या दिल्या असत्यास तर मी झेलल्या असत्या. तू मला विहीर दिलीस. पीठ मागायला आलेल्या बाईपुढं शाईची गादी धरणारा माणूस मी. त्याला विहिरीचं काय कळणार? मग चप्पल घातली आणि अंबूबाईच्या दारात गेलो. कार्ड न बघता गेलो, हेही नमूद करतो.

अंबूबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"कोन हाय?"

"मी. रंगराव."

"सरकारी काम हाय का काय?"

"अंबूबाई, माझं चुकलं. पिठाचं."

"कंचं पीठ? मी न्हेलंच न्हाई. तुमच्या कार्डात बगा."

मी उभाच. देवळाकडं उत्सवाला चाललेली मंडळी वळून वळून बघत होती. शेवटी ती म्हणाली, "शाईची गादी आनलीया का?"

"नाही."

"मग आना जावा."

आणली. तिनं पिठाचा डबा पुढं सरकवला. "उठवा अंगठा. ह्या झाकनावर. चांगला दाबून. रंगराव आमच्या दारात आलं व्हतं ह्याची खूण ऱ्हाऊ द्या." मी उठवला. तिची सून आत पदर तोंडात कोंबून हसत होती. माझा अंगठा अजून निळा आहे, हे पत्रावरच्या डागावरून तुझ्या लक्षात येईल.

मग मी तिला लिंबांचं सांगितलं. म्हटलं, शेवंता पाळण्यात असतानाची बरणी मी उधळली. अंबूबाईनं सूप खाली ठेवलं आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसली.

"अवो, ती पयली लिंबं त्या बरनीत ऱ्हायली व्हती कुठं? माज्या शेवटच्या दोन्ही बाळंतपनांना त्यातलीच लिंबं खाल्ली मी. ही सून आली, तिच्या येळंला बी. सगळी आळी त्यावर बाळंत झाली म्हना की! मंजुळाबाई न्हेऊ द्यायची अन् दर साली वरून नवी घालायची. तुमी घरात असून तुमाला दिसलं न्हाई? आन ती देताना सांगायची, ह्यातलं एक खाऊ नगा, तुमच्या नव्या बरनीत टाका, मंजी लवकर मुरतं. ह्या आळीत जेवढ्या बरन्या हाईत, त्या सगळ्या तुमच्याच बरनीच्या लेकी हाईत."

मी तिथंच पायरीवर बसलो. ज्या मालाची मी आवक लिहिली ती खोटी, जावक खोटी, शिल्लक तर सपशेल खोटी.

"आता घरी जावा," ती म्हणाली, "आन बरनी धुऊन उनात ठेवा. कोरडी करा. वल्ली ऱ्हायली तर बुरशी धरंल. एवढं तरी जमंल न्हवं?"

दुपारपासून बायका येऊ लागल्या. अंबूबाईनं काय फिरवलं कोण जाणे. कुणी वाटीत एक, कुणी पानात दोन. एकीनं चुकून मिरच्या घातलेलं आणलं, तिला बाकीच्यांनी दारातूनच परत पाठवलं. भैरूची बायको तर ह्या आळीत आल्याला वर्ष झालं नाही, तिनं गोड लोणचं आणलं; तेही नको म्हटलं तर तिचं तोंड एवढंसं झालं, म्हणून ते मी वेगळं खाल्लं. खैरुन्निसाबीबी स्वतः आल्या नाहीत. त्यांच्या माहेरी, दापोडीला, तुझ्याच लिंबावरून लावलेली बरणी होती, तिच्यातली लिंबं मीरासाहेब सायकलीच्या पुढच्या टोपलीतून घेऊन आले.

"घ्या. सासूबाईनं कुरकुर न करता दिली," ते म्हणाले. "तुमच्या पाळन्यापरीस बरी हाय."

मी सवयीनं कोरं कार्ड घेऊन दारात बसलो होतो. कुणाचं किती ते लिहावं, म्हणजे परत करता येईल. पहिलीच बाई आली तिनं कार्डाकडं बघितलं आणि तिचा हात वाटीसकट मागं गेला. मी कार्ड बुडाखाली सरकवलं आणि त्यावर बसून राहिलो. नंतर कोण आलं, कुणी किती घातली, मला काही सांगता येणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दारातून माल आत गेला आणि मी लिहिला नाही. फार विचित्र वाटलं. हात नुसता शिवशिवत होता.

बरणी गळ्यापर्यंत आहे. गळ्यात कार्ड नाही. ती तुझी आहे, म्हणून तुझ्याकडं पाठवली. शेवंताचं बाळंतपण तुला वाटेल तिथं होऊ दे. पाळणाही पाठवीन, एकदा त्याची कुरकुर थांबली की. ती थांबत मात्र नाही.

आता उघड झाकण.

रंगराव

(दौलतराव, इथं फुली. पण ह्या वेळी तिचा चेहरा तुम्ही बघू नका. ओट्यावरच्यांनाही घरी पाठवा.)


चिंचवड, १७ फेब्रुवारी १९५७

प्रिय दौलतराव,

हे पत्र तुम्हाला मोठ्यानं वाचावं लागणार नाही. ऐकणारी माझ्या शेजारी बसली आहे आणि मी काय लिहितो ते मलाच वाचायला लावते आहे. वर 'प्रिय' लिहिलं ते तिला पसंत पडलेलं नाही. म्हणते, मला कवा 'प्रिय' लिवलं न्हाई. मी म्हटलं, तुझी पत्रं तुझा भाऊ वाचायचा. यावर तिनं तोंड फिरवलं आहे, बहुधा तेवढ्यापुरतंच.

तुमची आक्का त्या दिवशी भैरूच्याच परतीच्या बसनं कशी आली ते तुम्ही बघितलंच. तुम्हीच ट्रंक चढवलीत. इथं उतरली ती अशी: ट्रंक भैरूच्या डोक्यावर, बरणी स्वतःच्या मांडीवरून उचलून कडेवर. मी स्टँडवर नव्हतो, कारण मला कळवलंच नव्हतं. मी चुलीपुढं भाकरी करत होतो. ती दारात उभी राहिली, भाकरीकडं बघितलं आणि म्हणाली, "ह्यो कोकणचा नकाशा कुणी काढला?"

दौलतराव, मला वाटलं होतं की मी काहीतरी बोलेन. कवितेतलं काहीतरी. तोंडातून निघालं ते, "बरणी का परत आणलीस?"

"बाळंतपन हितंच हाय तर बरनी तिकडं कशाला?" ती म्हणाली. आणि फडताळ उघडून तिनं बरणी मागच्या फळीवर, अगदी भिंतीला लावून ठेवली. मग सगळ्या डब्यांच्या गळ्यातली कार्डं सोडली. फाडली नाहीत. गठ्ठा बांधून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "कविता लिवा ह्यावर. माज्या डब्यांना माजं मी बगते." सुतळी मात्र तिनं ठेवून घेतली, चांगली आहे म्हणाली.

आपली शेवंता संक्रांतीनंतर आली. ह्या महिन्याच्या चार तारखेला मुलगी झाली. दोघी चांगल्या आहेत. शेवंतानं पहिलं लिंबू तोंडात धरून डोळे मिटले तेव्हा तिची आई मला खुणेनं म्हणाली, बघा. मी बघितलं. कुणाच्या घरचं लिंबू ते विचारलं, तर मंजुळा म्हणाली, "बरनीतलं." शेवंताला अजून काही माहीत नाही. तिला सांगायचं की नाही ते आम्ही ठरवलेलं नाही. तुम्ही येऊन ओट्यावर कुजबुजलात तर मात्र ठरलंच.

बारशाच्या आदल्या दिवशी मला राहवलं नाही. मी एक कोरं कार्ड घेतलं. सुंदर अक्षरात वर लिहिलं 'नात'. आवकेच्या रकान्यात 'एक'. पाळण्याच्या दोरीला बांधायला गेलो तर तुमच्या आक्कानं ते माझ्या हातातून घेतलं. तिला वाचता येत नाही, पण रकाने तीन असतात हे एवढ्या दिवसांत कळलं आहे.

"ह्यो मधला कशाचा?"

"जावकेचा. बाहेर काय गेलं त्याचा."

तिनं कात्री घेतली. 'आवक' एकीकडं राहिली, 'शिल्लक' दुसरीकडं, आणि मधली उभी पट्टी तिच्या हातात. तिनं ती पट्टी दोनदा दुमडली, दिव्याच्या तेलात बुडवली, आणि स्टुलावर चढून पाळण्याच्या वरच्या कडीत, जिथं लोखंड लोखंडावर घासायचं तिथं, बोटानं दाबून बसवली.

झोका दिला. आवाज नाही.

पुन्हा दिला. आम्ही दोघं कान लावून उभे. नाहीच.

मीरासाहेब बारशाला आले तेव्हा त्यांनी तीन वेळा पाळणा हलवून बघितला, वाकून वर बघितलं, आणि विचारलं, "काय घातलंय?" मंजुळा म्हणाली, "जावक."

'कुरकुर थांबवणे' हे कार्ड मी गठ्ठ्याच्या तळाशी घातलं आहे. आता आत नातीला झोपवताना तुमची आक्का 'मोट' म्हणते आहे, चारही ओळी, आणि तिसऱ्या ओळीला थांबून माझ्याकडं बघते आहे, मला येते का ते.

येते.

तुमचा दाजी,
रंगराव